आजीचं बोलणं कागदावर उतरवताना: पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

माझी आजी कागल तालुक्यातली. तिच्या आठवणींचं साधारण साडेसात तासांचं रेकॉर्डिंग मी केलं आणि ते लिहून काढायला बसलो. पहिली दहा पानं झाल्यावर तिला वाचून दाखवली. थोडा वेळ ऐकून तिनं विचारलं, “ही कोन बाई बोलतीया?”

मी लिहिलं होतं, ‘मी लग्न होऊन सासरी आले, तेव्हा इथे सगळीकडे ऊस होता.’ आजी म्हणाली होती, ‘मी लगीन हून आलो तवा हितं समदा ऊस.’ कोल्हापूर भागातल्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘आलो, गेलो, जातो’ म्हणतात. मी ते ‘दुरुस्त’ केलं होतं. ती दहा पानं मी बाजूला ठेवली आणि सगळं पहिल्यापासून लिहिलं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं लिहून ठेवावं असं आता अनेकांना वाटतं आणि रेकॉर्डिंग तर खिशातल्या फोनवर होतं. अडचण येते ती त्यानंतर, कारण बोलायची मराठी आणि लिहायची मराठी एकमेकींपासून चांगल्याच लांब आहेत. एकीतून दुसरीत जाताना काय घ्यायचं, काय सोडायचं, हे कुणी सांगत नाही. मला जे उशिरा कळलं ते इथे क्रमानं मांडतो.

काय काय लागेल

– फोन किंवा साधा रेकॉर्डर, आणि फाइलची दुसरी प्रत ठेवायला वेगळी जागा
– कान झाकणारे हेडफोन. फोनच्या स्पीकरवर ऐकून लिहू नका, शब्दांची टोकं हरवतात
– वेग कमी करता येईल असं प्लेअर. व्हीएलसी फुकट आहे, फोनवरही चालतं
– दोन वह्या. एक रेकॉर्डिंगच्या वेळची, दुसरी ‘निर्णयवही’ (ती कशाला, ते पायरी ४ मध्ये)
– त्या गावचं, त्याच पिढीचं किंवा एक पिढी धाकटं माणूस, ज्याला अडलेला शब्द विचारता येईल
– वेळ. मला एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच ते सहा तास लागले. दोन माणसं एकाच वेळी बोलत असतील तर आणखी

पायरी १: रेकॉर्डिंग करतानाच ‘हात’ टिपून ठेवा

बोलणारा माणूस फक्त तोंडानं बोलत नाही. आजी म्हणाली, “चुलवान एवढं खोल.” (चुलवाण म्हणजे गुऱ्हाळातली काहिलीखालची मोठी भट्टी, काहील म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई.) एवढं म्हणजे केवढं? तिनं हात कमरेला लावून दाखवलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये तो हात नाही. ‘तिकडं’ म्हणताना तिनं गोठ्याच्या मागच्या बाजूला मान वळवली होती, तीही रेकॉर्डिंगमध्ये नाही.

म्हणून समोर बसून वहीत वेळ आणि खूण लिहीत जा: ‘१२ मि., एवढं = कमरेइतकं’, ‘१४ मि., तिकडं = गोठ्यामागे’. किंवा तिथल्या तिथे मोठ्यानं म्हणा, “कमरेइतकं खोल होय?” ती “व्हय” म्हणेल आणि उत्तर रेकॉर्ड होईल. एवढा, असा, हा, तो, इकडं, तिकडं या शब्दांवर विशेष लक्ष ठेवा. बोलताना त्यांचा अर्थ समोर दिसत असतो. कागदावर तेच शब्द पोकळ होतात.

होकार-नकाराचंही तसंच आहे. मान हलवून दिलेलं ‘नाही’ आणि जिभेनं केलेला ‘च्च’ आवाज यांत फरक असतो. दोन्ही वहीत नोंदवा.

पायरी २: पहिली प्रत शब्दशः, आणि ती कुणालाही दाखवायची नाही

पहिल्या फेरीत काहीही सुधारू नका. अडखळणं, अर्धवट तोडलेलं वाक्य, दोनदा आलेला शब्द, सगळं उतरवा. कळलं नाही तिथे [अस्पष्ट, २३:१०] असं लिहून पुढे जा. एका शब्दासाठी वीस मिनिटं अडून बसलात तर काम संपणार नाही. तोच शब्द पुढे पुन्हा येतो आणि आपोआप उलगडतो.

माझ्या पहिल्या प्रतीतला हा तुकडा:

‘मी... मी लगीन हून आलो न्हवं, तवा ह्यो वाडा न्हवता. हितं... हितं समदा ऊस. ऊसच ऊस. आन् ते हे... काय म्हनत्यात... चुलवान, चुलवान हुतं तितं, तिकडं. एवढं खोल. आबा म्हनलं पोरी तिकडं जाऊ नगं म्हटलं न्हाई जात. तर जळव्या हुता एक, त्यो हसला.’

(जळव्या म्हणजे चुलवाणाला जळण घालणारा.)

बोललेलं आपोआप टाइप करून देणाऱ्या सोयीबद्दल इथेच सांगतो. गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप करता येतं आणि शहरी, सावकाश मराठीला ते बऱ्यापैकी चालतं. आजीच्या बोलण्याला ते चाललं नाही. ‘काहील’चं ‘काही’ झालं, ‘गुळव्या’चं (म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर) ‘गुळाच्या’ झालं. यातला धोका असा की यंत्र अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसवतं. वाक्य वाचायला बरं दिसतं, त्यामुळे चूक डोळ्यांत भरत नाही. नेमके जे शब्द वाचवायला आपण बसलेले असतो, तेच आधी जातात. एक मार्ग मात्र उपयोगी पडला: हेडफोन लावून ऐकायचं आणि आपण स्वतः स्पष्ट आवाजात ते म्हणत टाइप करून घ्यायचं, मग बोलीतले शब्द हातानं बसवायचे. बोटं दुखत असतील तर करून बघा.

पायरी ३: काय गाळायचं आणि काय अजिबात गाळायचं नाही

आता दुसरी, स्वच्छ प्रत. सगळ्यात जास्त चुका याच पायरीला होतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

गाळता येईल असं: श्वास घ्यायला थांबताना आलेलं ‘मी... मी’, शब्द आठवताना आलेलं ‘ते हे... काय म्हनत्यात’, आणि दर वाक्याला येणारं ‘न्हवं’. शेवटचं सगळंच्या सगळं काढू नका. पानाला एक-दोन राहू द्या, नाहीतर बोलण्याची चाल जाते. ‘काय म्हनत्यात’ही प्रत्येक वेळी निरर्थक नसतं. शब्द खरंच विस्मरणात गेला असेल, तर तेही सांगण्यासारखं आहे.

न गाळायचं: जोर देण्यासाठी केलेली पुनरुक्ती. ‘ऊसच ऊस’ ही अडखळ नाही. ‘चाललो, चाललो, चाललो, तर म्होरं नदीला पानी’ यात तीन वेळा आलेलं ‘चाललो’ म्हणजे तेवढा लांबचा रस्ता. लिहिणारा माणूस तिथे ‘बराच वेळ चालल्यानंतर’ असं करतो आणि रस्ता आखूड होतो.

वाक्यातला शब्दांचा क्रमही हलवू नका. शाळेत आपण क्रियापद शेवटी लिहायला शिकलो. बोलताना महत्त्वाचं आधी येतं आणि राहिलेलं क्रियापदाच्या मागून जोडलं जातं: ‘आला हुता की त्यो, परवा दिशी, सांगलीसनं.’ हे ‘तो परवा सांगलीहून आला होता’ असं फिरवलंत, तर आजीला आधी काय सांगायचं होतं ते हरवलं. ‘की, च, तर, ना, बरं’ हे बारके शब्द तसेच ठेवा. आवाजाच्या चढउताराचं थोडं काम कागदावर तेच करतात.

विरामचिन्हं मात्र तुम्हालाच द्यायची आहेत. बोलणारा माणूस आबांचं वाक्य आबांच्या आवाजात म्हणतो आणि स्वतःचं स्वतःच्या, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. कागदावर दोन्ही आवाज एकच होतात. वरचा तुकडा स्वच्छ प्रतीत असा झाला:

‘मी लगीन हून आलो तवा ह्यो वाडा न्हवता. हितं समदा ऊस. ऊसच ऊस. आन् चुलवान हुतं तितं, तिकडं [गोठ्याच्या मागे]. एवढं खोल [कमरेला हात लावून]. आबा म्हनलं, “पोरी, तिकडं जाऊ नगं.” म्हटलं, “न्हाई जात.” तर जळव्या हुता एक, त्यो हसला.’

चौकटी कंसात जे आहे ते माझं, बाकी सगळं तिचं. ही सीमा शेवटपर्यंत पाळा.

पायरी ४: निर्णयवही

बोलीला ठरलेलं शुद्धलेखन नाही. एका पानावर ‘न्हाई’, दुसऱ्यावर ‘न्हाय’, तिसऱ्यावर ‘नाई’ असं होत जातं आणि वाचणाऱ्याला वाटतं की तीन वेगळी माणसं बोलताहेत. म्हणून एका वहीत दोन रकाने करा. डावीकडे प्रमाण रूप, उजवीकडे तुम्ही ठरवलेलं:

तेव्हा – तवा
नाही – न्हाई
होता – हुता
तो – त्यो
आणि – आन्
विहीर – हीर

बोलणारी व्यक्ती स्वतःच दोन रूपं वापरत असेल, तर दोन्ही ठेवा. आजी आमच्याशी ‘हुतं’ म्हणायची आणि डॉक्टरांसमोर ‘होतं’. कुणाशी बोलताना कोणती मराठी, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तो तिच्या गोष्टीचाच भाग आहे.

इथे एक मोठा सापळा आहे. आपण सगळेच ‘करतो’ असं लिहितो आणि ‘कर्तो’ असं म्हणतो. ‘म्हणजे’ लिहितो, म्हणतो ‘म्हंजे’. ‘ऋण’ लिहितो, ‘रुण’ म्हणतो. पुण्यातला प्राध्यापकही असंच बोलतो. त्याचं भाषण छापताना कुणी ‘कर्तो’ छापत नाही. मग आजीच्या तोंडी मात्र ‘कर्तो, म्हंजे, रुण’ असं लिहिलं, तर ती उगाच अडाणी दिसते. माझा नियम असा: जिथे तिचा उच्चार माझ्यापेक्षा वेगळा आहे, तिथेच वेगळं लिहायचं. ‘पानी’ वेगळं, म्हणून ‘पानी’. ‘करतो’ माझ्यासारखंच, म्हणून ‘करतो’.

देवनागरीलाही काही गोष्टी दाखवता येत नाहीत. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा, पण अक्षर एकच. सगळे मराठी वाचक संदर्भानं तो बरोबर वाचतात. त्यासाठी नुक्ते वगैरे देत बसू नका.

पायरी ५: ‘केलं’ की ‘केले’?

मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच. आजचं प्रमाण लेखन मराठी साहित्य महामंडळानं तयार केलेल्या नियमांवर चालतं. १९६२ मध्ये १४ नियम मान्य झाले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, असे एकूण १८. पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालताना शेवटी अनुस्वार देऊन ‘असं केलं, सांगितलं’ लिहायला त्यांत मुभा आहे. एरवी ‘असे केले, सांगितले’. तेव्हा आजीच्या शब्दांत ‘केलं’ लिहिलं म्हणून कुणी शुद्धलेखनाची चूक काढली, तर घाबरू नका.

प्रश्न उरतो तुमच्या स्वतःच्या मजकुराचा: प्रस्तावना, टिपा, कंसातली माहिती. दोन्हींपैकी एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. हा लेख मी ‘केलं’ पद्धतीनं लिहिलाय. अर्ज किंवा शासकीय कागद असता, तर ‘केले’ लिहिलं असतं.

‘केले’ निवडलंत, तर एका गोष्टीची काळजी घ्या. बोलण्यात ‘ते आलं’ म्हणजे एखादं पोर किंवा वासरू, आणि ‘ते आले’ म्हणजे पुष्कळ पुरुष किंवा एखादा मानाचा माणूस. लेखी भाषेत दोन्ही ‘ते आले’ होतात. बोली इथे लेखी भाषेपेक्षा नेमकी आहे. ‘आबा आणि वासरू गोठ्यात होते, मग ते बाहेर आले’ यात कोण बाहेर आलं? अशा ठिकाणी सर्वनाम काढून नाम लिहा.

टाइप करताना: ‘दुसऱ्या, गुऱ्हाळ, म्हाताऱ्या’ यांतला ऱ्य आणि ऱ्ह नीट उमटतोय ना, हे बघा. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. तुमच्या कीबोर्डवर ऱ कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा.

पायरी ६: बोलीचं व्याकरण चूक समजू नका

उच्चार निराळा असला की आपण सांभाळून घेतो, पण व्याकरण निराळं दिसलं की हात शिवशिवतात. माझं ‘आलो’चं ‘आले’ झालं ते असंच.

विदर्भातली मावशी ‘तो जेवून राहिला’ म्हणाली, तर तो आत्ता जेवतोय. हे ‘तो जेवून थांबला’ असं बदललंत, तर घटनाच बदलली. मालवणीतलं ‘माका, तुका’ किंवा वऱ्हाडीतलं ‘मले, तुले’ ही ‘मला, तुला’ची बिघडलेली रूपं नव्हेत. त्या त्या बोलीत तीच नियमानं चालणारी रूपं आहेत. शंका आली तर एकच कसोटी लावा: बोलणाऱ्यानं तसं एकदाच म्हटलं की दर वेळी? एकदाच असेल तर कदाचित जीभ घसरली असेल. दर वेळी येत असेल तर तो नियम आहे, आणि तो आपल्याला माहीत नव्हता एवढंच.

आपल्या भागाची बोली लिहिलेली कशी दिसते, हे बघायचं असेल तर डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोली सर्वेक्षणाचं काम पाहा. गावोगावचे नमुने त्यात ऐकायलाही मिळतात.

पायरी ७: सनावळ्या, मापं, आणि जुनी पत्रं

बोलण्यातला काळ आकड्यात नसतो. ‘भुईकंप झाला त्या साली’ हे मजकुरात तसंच ठेवा आणि तळटीपेत लिहा: कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. ‘नवे पैसे आले तवा’ म्हणजे १९५७ किंवा लगेच नंतरचा काळ. मात्र टीप देण्याआधी विचारून खात्री करा. आजीचा ‘दुष्काळ’ मी सवयीनं १९७२चा धरला होता, ती त्याच्या कितीतरी आधीचं सांगत होती.

मापांचंही तेच. ‘दोन पायल्या जोंधळं’चे किलो करू नका. मापं गावागणिक थोडी बदलत होती. पायली म्हणजे चार शेर, एवढं टिपेत पुरे.

घरात जुनी पत्रं असतील, तर ती या कामात मिसळू नका. माझे आजोबा आयुष्यात कधी ‘कारण की’ बोलले नाहीत, पण त्यांच्या प्रत्येक कार्डावर ‘पत्र लिहिण्यास कारण की’ आहे. वर ‘शि. सा. न. वि. वि.’ (शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष), मजकुरात ‘कांहीं’ आणि ‘नांव’ यांवरचे जुन्या वळणाचे अनुस्वार. लिहायला बसलं की त्या पिढीचा माणूस वेगळी भाषा अंगावर चढवत असे. पत्राची नक्कल अनुस्वारासह जशीच्या तशी करायची आणि वेगळ्या प्रकरणात ठेवायची.

पायरी ८: तिसरी प्रत लागेल का?

शहरात वाढलेल्या नातवंडांना किंवा परदेशातल्या भाचरांना स्वच्छ प्रतही जड जाते. त्यांच्यासाठी प्रमाण मराठीत तिसरी प्रत करता येईल. करा, पण ती दुसऱ्या प्रतीच्या जागी नको, तिच्या सोबत असू द्या. मी डाव्या पानावर आजीचं बोलणं आणि उजव्या पानावर प्रमाण मराठी ठेवली. चुलवाण, काहील, काकवी, आदण असे शब्द दोन्हीकडे तेच ठेवले आणि मागे शब्दांची यादी दिली. गुऱ्हाळाच्या कामाला दुसरे शब्द नाहीतच.

पायरी ९: वाचून दाखवा

ही पायरी टाळू नका. छापण्याआधी किंवा घरच्यांना पाठवण्याआधी सगळी स्वच्छ प्रत बोलणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा, आणि तिच्याच सुरात वाचा. तीन गोष्टी विचारा. हे असंच म्हणायचं होतं का? यातलं काय बाहेर जाऊ नये? कुणाचं नाव काढायचं का? बोलण्याच्या ओघात शेजाऱ्याबद्दल, भावकीबद्दल माणूस असं काही बोलून जातो, जे घरात चालतं, पण कागदावर आलं की कायमचं होतं. आजीनं चार जागा काढायला लावल्या. मी त्या काढल्या, पहिल्या प्रतीतूनही.

ज्यांचं माणूस आता नाही, त्यांनी त्याच घरातल्या दोघांना वेगवेगळं वाचून दाखवावं आणि दोघांचं जिथे पटत नाही, तिथे दोन्ही मतं टिपेत लिहावीत.

आणि वाचून दाखवताना रेकॉर्डर चालू ठेवा. आपलेच शब्द ऐकताना माणसाला पुढचं आठवतं. ‘ऊसच ऊस’ ऐकलं आणि आजीनं मला हातानं थांबवलं. त्या दुपारी पन्नास मिनिटांचं नवं रेकॉर्डिंग झालं, आणि तो जळव्या का हसला होता, ते त्यात आहे.